मोटारसायकलला ट्रॅकर लावताय? पासवर्ड कुणाकडे आहे ते आधी बघा

रविवारची झोप मोडून एवढे जण याल असं वाटलं नव्हतं. आत येताना बाहेरच्या गाड्या बघत आलो. हँडल लॉक सगळ्यांनी लावलंय, साखळी मात्र एकाच गाडीला दिसली. ती ज्याची असेल त्यानं पुढची पाच मिनिटं चहा घेतला तरी चालेल.

आपल्याला इथं गाडी हौसेसाठी लागत नाही. खोली पापाटोएटोएला, साइट पार नॉर्थ शोअरला, आणि सातला हातात टूल पाहिजे. त्या वेळेला बस-ट्रेनचा मेळ बसत नाही. गाडी गेली की दुसऱ्या दिवशी खाडा. चार दिवस उशीर झाला की सुपरवायझर तोंड वाकडं करतो. मीही सुपरवायझरच आहे, त्यामुळे हे माहितीये. आणि ज्याचा व्हिसा मालकाच्या नावावर बांधलेला आहे त्याच्या पोटात गोळा येतो तो वेगळाच.

मागच्या हिवाळ्यात आमच्या घरातल्या एकाची 125 सीसीची गाडी गेली. तिला भोंगा होता आणि ट्रॅकरही होता. तरी गेली.

भोंग्याचं आधी सांगतो. स्वस्तातला होता, धक्का लागला की वाजणारा. पण ऑकलंडचा वारा तुम्हाला माहीत आहे. वारा सुटला की भोंगा चालू. शेजाऱ्यानं दोनदा कौन्सिलकडे आवाजाची तक्रार केली. ज्या रात्री खरंच चोर आले त्या रात्रीही तो वाजला. मी ऐकला, शिवी घातली आणि कूस बदलून झोपलो. सकाळी अंगणात कापलेली वायर पडलेली. म्हणून भोंगा घेणार असाल तर धक्क्याची संवेदना कमी-जास्त करता येते का, हे दुकानात उभं राहून विचारा. पहिल्या धक्क्याला नुसतं टुकटुक आणि गाडी खरंच हलली की पूर्ण आवाज, असे दोन टप्पे असलेला घ्या. वायर कापल्यावरही वाजायला त्याच्या पोटात स्वतःची छोटी बॅटरी पाहिजे.

दुसरी गोष्ट बॅटरीची. आपल्या लहान गाड्यांची बॅटरी पाच-सहा अँपिअर-अवरची असते. अलार्म गप्प बसलेला असतानाही 20 मिलिअँपिअर ओढत असेल तर दिवसाला जवळजवळ अर्धा अँपिअर-अवर गेला. सहाची बॅटरी आठवड्याच्या आत निम्म्यावर. दोन आठवडे गावी जाऊन आलात की गाडी ढिम्म. तोच अलार्म पाच मिलिअँपिअरवाला असेल तर तीन-साडेतीन आठवडे निघतात. हा आकडा खोक्यावर बारीक अक्षरात लिहिलेला असतो. नसेल तर तो माल ठेवून द्या. जोडताना बॅटरीजवळ फ्यूज टाका आणि वायर टाकीखालून अशी न्या की हँडल वळवताना चेमटणार नाही. एवढं वायरिंग आपल्यातल्या कुणालाही जमेल.

पण खरं सांगायचं तर पहिले पैसे साखळीवर घाला. ही गाडी शंभर-सव्वाशे किलोची, म्हणजे गावाकडच्या सिमेंटच्या दोन-अडीच गोण्या. दोन माणसं उचलून व्हॅनमध्ये टाकतात. हँडल लॉक काय करणार? बारीक साखळी बोल्ट कटरनं चुटकीसरशी तुटते. 16 मिलिमीटरची कडक पोलादी कडी असेल तर ग्राइंडरच लागतो. ग्राइंडर आपण रोज चालवतो, त्याचा आवाज आणि ठिणग्या लपत नाहीत हे तुम्हाला मी काय सांगू. साखळी पुढच्या चाकात नको, पुढचं चाक सुटतं. फ्रेममधून किंवा मागच्या चाकातून घाला, काँक्रीटमध्ये घट्ट बसवलेल्या कड्याला बांधा आणि जमिनीवर लोळू देऊ नका. जमिनीचा आधार मिळाला की कटरला जोर येतो. भाड्याच्या घरात कडं बसवायचं तर घरमालकाला आधी विचारा, मेसेजवर का होईना.

आता ट्रॅकर. लोकांना वाटतं जीपीएस म्हणजे गाडी उपग्रहाला दिसते. तसं नाही. ट्रॅकर उपग्रहांचे सिग्नल नुसते ऐकतो आणि आपण कुठे आहोत ते काढतो. तुमच्या फोनवर ते कळवायला त्यात सिम लागतं आणि सिममध्ये बॅलन्स लागतो. लोखंडी कंटेनरमध्ये किंवा तळघरात गाडी गेली की तो आंधळा आणि मुका दोन्ही होतो. भारतातून येताना कुणी स्वस्त ट्रॅकर आणणार असेल तर थांबा. त्यातले बरेच 2जीवर चालतात. इथं स्पार्क, वन एनझेड, टूडिग्रीज या तिघांनीही 3जीसुद्धा मोडीत काढायचं ठरवलं. घ्यायचा तर 4जीचाच घ्या आणि त्यात बँड 28, म्हणजे 700 मेगाहर्ट्झ, आहे का ते बघा. शहराबाहेर आणि भिंतीआड तोच जास्त पोहोचतो. महिन्याची फी असेल तर बारानं गुणून मग किंमत ठरवा.

एअरटॅगचं सगळे विचारतात. स्वस्त आहे, नाण्याएवढी बॅटरी वर्षभर पुरते. पण त्याला जीपीएसही नाही आणि सिमही नाही. आजूबाजूला कुणाचा ॲपलचा फोन असला तरच तो दिसतो. शिवाय अनोळखी टॅग बरोबर फिरतोय असं चोराच्याही फोनवर येऊ शकतं. आयफोनवर ही सोय पहिल्यापासून आहे, 2023 पासून अँड्रॉइडवरही एअरटॅगची सूचना येते. बायकांच्या मागावर राहणाऱ्यांना आळा म्हणून ही सोय केली, ती योग्यच आहे. आपण एअरटॅग जोडीला ठेवावा, त्याच्या एकट्याच्या भरवशावर राहू नये.

आता त्या गाडीच्या ट्रॅकरकडे येतो. ती गाडी त्यानं ज्या कॉन्ट्रॅक्टरकडे काम करायचा त्याच्याकडूनच हप्त्यानं घेतली होती. ट्रॅकर आधीपासून बसवलेला, ॲपचा पासवर्ड कॉन्ट्रॅक्टरकडे. आमच्या गड्याला वाटलं, बरं झालं, फुकट मिळालं. पुढे एकदा सोमवारी त्याला विचारणा झाली, काल तू अमुक ठिकाणी तीन तास काय करत होतास? दुसरीकडे काम शोधतोस काय? तेव्हा आम्ही हसण्यावारी नेलं. गाडी गेली त्या सकाळी कॉन्ट्रॅक्टरनं फोन उचलला नाही. संध्याकाळी सांगितलं, ट्रॅकर पहाटेच बंद पडलाय. वर राहिलेले हप्ते पगारातून एकदम कापले. गाडी त्याच्याच नावावर, आमच्याकडे कागद शून्य.

म्हणून कुठलाही ट्रॅकर घ्या, तो तुमच्या फोन नंबरवर, तुमच्या ईमेलवर चालू झाला पाहिजे. जुनी गाडी घेतली तर सीटखाली, टाकीखाली, हेडलाइटच्या मागे हात घालून बघा आणि आधीचा ट्रॅकर निघाला तर काढा नाहीतर खातं स्वतःच्या नावे करून घ्या. बऱ्याच स्वस्त ट्रॅकरचा मूळ पासवर्ड 123456 असतो. तो त्याच दिवशी बदला. काही ट्रॅकर दुरून इंजिन बंद करतात. मला ती सोय नको वाटते. मोटरवेवर तुम्ही ऐंशीनं चाललाय आणि कुणीतरी ऑफिसात बसून बटण दाबलं तर?

कंपनीची गाडी असेल आणि कंपनीनं ट्रॅकर लावला असेल, तर ते सरसकट बेकायदा नाही. पण माहिती गोळा होतेय, ती कशासाठी आणि कोण बघणार, हे तुम्हाला सांगायला हवं. प्रायव्हसी ॲक्ट 2020 तसं म्हणतो. प्रायव्हसी कमिशनरकडे तक्रारीला पैसे पडत नाहीत. आणि पगारातून कपात करायला तुमची लेखी संमती लागते. हा 1983 चा वेजेस प्रोटेक्शन ॲक्ट. करारात सरसकट कपातीचं कलम असलं तरी प्रत्येक कपातीआधी तुमच्याशी बोलावं लागतं, आणि दिलेली संमती तुम्ही लेखी मागे घेऊ शकता. आमच्या माणसानं सिटिझन्स ॲडव्हाइस ब्युरोमध्ये बसून पत्र लिहिलं, तेही फुकट. कापलेले पैसे परत आले. गाडी नाही आली.

कागदाचंही तसंच. गाडी घेताना रजिस्ट्रेशन आपल्या नावावर करा. मात्र इथं रजिस्ट्रेशनवर नाव असणं म्हणजे मालकी सिद्ध झाली असं नाही. म्हणून पैसे दिल्याची लेखी पावती ठेवा आणि फ्रेम नंबरचा फोटो काढा. विमा इथं सक्तीचा नाही, म्हणून आपण टाळतो. नुसता थर्ड पार्टी घेतला तर चोरीचे पैसे मिळत नाहीत, फायर अँड थेफ्ट जोडलेला घ्यावा लागतो. आणि एसीसी तुमच्या हाडांचं बघते, गाडीचं नाही.

शेवटचं, आणि हे तरण्या पोरांसाठी. फोनवर गाडी दिसली की चौघं मिळून आणायला जायचं नाही. तिथं मारामारी झाली तर चोराचं काय व्हायचं ते होईल, तुमच्या नावावर केस झाली की पुढच्या व्हिसाच्या फॉर्मवर ती लिहावी लागेल. चोरी डोळ्यांसमोर चालू असेल किंवा गाडी आत्ता हलताना दिसत असेल तर 111. नंतर कळलं तर 105. इंग्रजी अडलं तर दुभाषा मागा. स्क्रीनचा फोटो वेळेसकट काढा, तक्रारीचा नंबर लिहून घ्या.

मी मल्टिमीटर आणलाय. ज्यांच्या गाडीला अलार्म आहे त्यांनी सीट खोलून ठेवा, चहा झाला की कोण किती करंट ओढतंय ते मोजू. आणि ज्यांच्या गाडीत दुसऱ्याचा ट्रॅकर असेल अशी शंका आहे त्यांनी मला बाजूला येऊन सांगा, सगळ्यांसमोर नको.