काठी कुठे मोडते?

(रौप्यमहोत्सवी वर्षात आपल्या गच्चीवर झालेल्या ‘आपले छंद’ या कार्यक्रमात केलेले भाषण. स्मरणिका समितीच्या आग्रहावरून आठवेल तसे लिहून दिले आहे.)



मला पंधरा मिनिटं दिली आहेत. सेक्रेटरीसाहेबांनी विषय विचारला तेव्हा मी म्हटलं, “गळाच्या लांब काठ्या न मोडता ठेवायच्या कशा आणि न्यायच्या कशा.” त्यांनी दोनदा विचारलं, “एवढंच?” एवढंच. मासे पकडण्याबद्दल आणि खाण्याबद्दल मी अवाक्षर काढणार नाही, तेव्हा शाकाहारी सभासदांनी खुशाल बसावं. आणि ज्यांना गळाशी काही देणंघेणं नाही, त्यांच्याही घरात झेंड्याची काठी, पडद्याचा दांडा, मुलाची क्रिकेटची बॅट असं काहीतरी लांबडं असतंच.

चाळीसएक वर्षांत माझ्या सात काठ्या मोडल्या. बँकेत होतो, त्यामुळे हिशेब ठेवायची सवय. दोन गाडीच्या दरवाजात, एक छताच्या पंख्यात, एक आपल्या लिफ्टमध्ये, एक माळ्यावरच्या ट्रंकेखाली, एक बसच्या टपावर. झाल्या सहा. पाण्यावर, मासा लागलेला असताना मोडली ती फक्त एक, आणि तीही माझ्या चुकीनं. जेट्टीवरून शिंगाळा वर उचलायचा होता. काठी उभी करून, वरचा हात मुठीच्या पुढे नेऊन मधोमध धरली आणि खेचली. सगळा भार शेंड्याकडच्या बारीक भागावर आला. काड्कन आवाज! मासा गेला, वर सोबतचे लोक हसले ते वेगळंच.

तेव्हा काठी मासा मोडत नाही. काठी घरात मोडते, नाहीतर वाटेत.

याचं कारण तिच्या बनावटीत आहे. आजकालची काठी म्हणजे फायबरग्लासची किंवा कार्बनची पोकळ नळी. बुंध्याशी अंगठ्याएवढी जाड आणि शेंड्याला विणकामाच्या सुईएवढी. तिला लांबीत वाकायला बनवलेलं असतं. कमानीसारखी वाकवा, काही होत नाही. पण आडवं चेपलंत की संपलं. कार्बनचं तर विचारू नका. वजनाला हलकी, हाताला गोड, पण दगडावर आपटली किंवा पितळी वजन तिच्यावर आदळलं की आतले धागे तुटतात आणि वरून काही दिसत नाही. दोन महिन्यांनी, साध्या फेकीत, ती त्याच जागी जाते आणि आपण म्हणतो कंपनीनं फसवलं. आमच्या खात्यातही तसंच असायचं. कर्ज बुडतं ते मंजूर करतानाच, वसुलीच्या वेळी फक्त कळतं.

आता टपावरची काठी. ती माझी नव्हती, आमच्या अण्णांची होती.

अण्णा रत्नागिरीजवळ भाट्याच्या खाडीवर गरवायला जायचे. त्यांची काठी माणग्याची. माणगा म्हणजे कोकणातला तो जवळजवळ भरीव बांबू, आमच्याकडे कुंपणाला असायचा. अण्णा तो थंडीत तोडायचे, पेरं तासून घ्यायचे, मग आंब्याच्या फांदीला उलटा टांगून खाली दगड बांधायचे, म्हणजे वाळताना सरळ होतो. त्यानंतर काही दिवस चुलीच्या धुरावर. धुरानं भुंगा लागत नाही. अशी चौदा फुटी एकसंध काठी. ठेवायची कुठे? पडवीच्या वाशांना सुंभाचे तीन फास होते. दोन नाही, तीन. दोनच टेकू दिले तर मध्ये झोळ पडतो आणि बांबू तसाच वाळतो. भिंतीला तिरकी टेकवून ठेवलेली काठी अण्णांना दिसली तर जेवण सोडून उठायचे. मी लहानपणी त्यावरून एक थोबाडीतही खाल्ली आहे.

१९८६ साली अण्णा गेले. दिवसकार्य उरकून मी डोंबिवलीला परत निघालो तेव्हा आई म्हणाली, त्यांची काठी तू ने, इथे कोण वापरतंय. तेव्हा कोकण रेल्वे नव्हती. रात्रीची बस. मी स्वतः टपावर चढलो आणि काठी कॅरिअरला बांधली, दोन्ही टोकांना काथ्यानं करकचून. मधे काही नाही. वाटलं, घट्ट बांधली म्हणजे काम झालं. पुढच्या थांब्यांवर लोक चढले, तांदळाची पोती चढली, आमसुलांचे डबे चढले. दोन टोकं जखडलेली, मधला भाग अधांतरी, त्यावर पोतं. कशेडीच्या घाटात मी झोपलो होतो. पहाटे पनवेलच्या पुढे उतरवायला गेलो तर काठीचे दोन तुकडे, चोयट्यांनी एकमेकांना धरलेले. कंडक्टर बिचारा भला माणूस, म्हणाला, “साहेब, बांबूच आहे, दुसरा मिळेल की.”

मी कोणाला काय सांगणार? बांधली मीच होती. आईला ते पत्रात लिहायला मला तीन महिने लागले.

त्या प्रवासानं शिकवलं ते एवढंच, की लांब वस्तू जखडायची नसते, टेकवायची असते. टपावर न्यायचीच तर खाली सबंध लांबीची फळी किंवा पाइप हवा आणि बंध तीन-चार ठिकाणी, हात घातला तर बोट सरकेल इतपत. वर दुसरं काही येणार नाही याची खात्री नसेल तर टपावर नेऊच नये.

पुढे अलिबागकडच्या शाखेत बदली झाली. तिथे धरमतरच्या खाडीवर जिताड्याच्या मागे लागलेली मंडळी भेटली आणि मी रीळ, तंगूस, दोन तुकड्यांची काठी या सुधारलेल्या जगात आलो. जोडाच्या काठीचा मोठा फायदा म्हणजे बारा फुटांची सहा फुटांत मावते. तोटा असा, की तोडताना माणसं ती पिळतात. पिळताना हात कुठे तर तंगूस ओवायच्या कड्यांवर! कडी उखडते. जोड सरळ ओढून सुटायला हवा. अडत असेल तर जोडताना आतल्या भागावर मेणबत्ती जराशी घासावी. त्या कड्यांमधून अधूनमधून कापसाचा बोळा फिरवून पाहा. कापूस अडकला तर कडीला चीर आहे, तीच उद्या तंगूस कापणार.

आता आपल्या इमारतीत येऊ.

पंख्याची गोष्ट घरातल्यांना पाठ आहे. नातवाला काठी जोडून दाखवत होतो, हॉलमध्ये, पंखा तीनवर. पुढे सांगायला नको. तेव्हापासून नियम असा, की छपराखाली काठी जोडायची नाही. जोडणं-तोडणं पाण्याच्या कडेला, आणि निघताना सर्वांत आधी काठी आवरायची, मग डबा, मग गप्पा.

लिफ्टची गोष्ट जरा शिकण्यासारखी आहे. झाडीतून चालताना काठीचा शेंडा मागे ठेवावा, म्हणजे तो कशात खुपसत नाही, नुसता ओढला जातो. हे मी इतकी वर्षं पाळलं आणि त्याच सवयीनं लिफ्टमध्ये शिरलो. मी आत, शेंडा बाहेर, दार बंद. जंगलातला नियम लिफ्टला चालत नाही. लिफ्टमध्ये दोन्ही तुकडे एकत्र बांधून, उभे, छातीशी धरायचे. गाडीतही तेच. माणसं बसण्याआधी काठ्या आत गेल्या पाहिजेत आणि दार लावायचं काम एकानंच करायचं. माझ्या दोन काठ्या “थांब, मी लावतो” असं दोघांनी एकदम म्हटल्यानं गेल्या.

खरा इलाज म्हणजे प्लंबरचा पीव्हीसी पाइप. काठीच्या तुकड्यापेक्षा चार-सहा इंच लांब. जाडी ठरवताना काठी मोजू नका, तिची बुंध्याकडची सगळ्यात मोठी कडी मोजा. मी पहिल्यांदा तीन इंची पाइप आणला आणि समुद्राच्या काठीचे दोन तुकडे त्यात एकत्र जाईनात. चार इंची लागला. एका टोकाला टोपण सोल्युशननं पक्कं चिकटवायचं, दुसरं काढघालीचं. दोन्हीकडे आत फोमचा तुकडा. तुकडे एकमेकांना उलटसुलट लावायचे, एकाचा शेंडा दुसऱ्याच्या मुठीशी, म्हणजे जाड भाग बारीक भागाला सांभाळतो. आमच्या हिनं जुन्या सुती साडीच्या लांब पिशव्या शिवल्या आहेत, मधे शिवण घालून दोन कप्प्यांच्या. बांधायला वेलक्रोच्या पट्ट्या घ्या. रबरबँड उन्हाळ्यात वितळून चिकटतं.

एक मात्र विसरू नका. ओली काठी पाइपमध्ये बंद करायची नाही. समुद्रावरून आलात की गोड्या पाण्यानं पुसायची (पाणी बारा वाजता जातं, तेव्हा बादली भरून ठेवा), रात्रभर मोकळी वाळू द्यायची आणि मग पिशवीत. नाहीतर कड्यांना गंज चढतो आणि वरच्या लेपाला फोड येतात.

पाइप घेऊन लोकलनं जाताना लगेजच्या डब्यात चढा. पोलीस विचारतात, “काका, यात काय?” उघडून दाखवायचं, रागवायचं नाही. पण मुलांनो, आता नीट ऐका. हे गमतीचं नाही. स्टेशनात, पुलावर, फाटकाजवळ काठी पाइपच्या बाहेर काढायची नाही आणि उभी धरायची नाही. रेल्वेच्या वरच्या तारेत २५ हजार व्होल्टचा दाब असतो आणि कार्बनमधून वीज वाहते. तारेला टेकायचीही गरज नसते, जवळ गेली तरी पुरे. गच्चीवर फेकीचा सराव करायचा नाही तोही त्यासाठीच. आकाशात वीज कडाडायला लागली की मासा कितीही मोठा लागलेला असो, काठी खाली ठेवून लांब जायचं.

आता एक कबुली. जुन्या सभासदांना आठवत असेल, माझा तो पांढरा पाइप काही वर्षं मजल्यावरच्या पॅसेजमध्ये, भिंतीला कंबरेच्या उंचीवर क्लॅम्पनं बसवलेला होता. मला वाटायचं, काय छान जागा शोधली! त्या वेळच्या कमिटीनं नोटीस काढली, सामाईक जागेतली वस्तू आठ दिवसांत हलवावी. मी दोन पानी उत्तर दिलं. इतरांच्या चपलांच्या कपाटांची आणि कुंड्यांची यादी जोडली. बँकेतली इंग्रजी तेव्हा ताजी होती.

त्यानंतर महिन्याभरात, लिफ्ट बंद असताना, वरच्या मजल्यावरच्या एका आजोबांना रात्री स्ट्रेचरवरून खाली न्यायचं होतं. आमच्या वळणावर स्ट्रेचर फिरेना. एका बाजूला माझा पाइप, दुसऱ्या बाजूला कपाट. चार माणसं स्ट्रेचर तिरकं करून, आजोबांना धरून, कशीबशी वळली. फार तर दोन मिनिटं गेली असतील. आजोबा बरे होऊन घरी आले, पुढे चांगली सहा वर्षं होते. मला कोणी एक शब्द बोललं नाही. त्याच रात्री मी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन पाइप काढला आणि सकाळी ते दोन पानी उत्तर परत मागायला सेक्रेटरींकडे गेलो. ते म्हणाले, दप्तरी दाखल झालंय, आता निघत नाही. अजून आहे म्हणे फायलीत.

पाइप तेव्हापासून आमच्या बेडरूममध्ये दाराच्या चौकटीच्या वर, तीन ब्रॅकेटवर आडवा आहे. सिलिंगच्या खाली एक फूट जागा सगळ्यांच्याच घरात रिकामी असते, आपण वर बघत नाही म्हणून. फक्त उन्हाची भिंत नको आणि गीझरजवळ नको. माळा नकोच, माळ्यावर ट्रंक येतेच. घडीची, एकात एक सरकणारी काठी असेल तर इतका खटाटोप लागत नाही, पण वाळू आत राहिली की ती अडकते, तेव्हा एकेक भाग पुसून मगच सरकवा.

अण्णांच्या काठीचं काय झालं, असं मघाशी पहिल्या रांगेतून कोणीतरी विचारलं. शेंड्याकडचा तुकडा चिरफाळला होता, तो गेला. बुंध्याकडचा आठ फुटी तुकडा आईनं टाकू दिला नाही. इथे राहायला आलो त्या पहिल्या दिवाळीपासून आमच्या बाल्कनीतून बाहेर काढलेल्या ज्या बांबूला आकाशकंदील टांगलेला असतो, तो तोच. पंचवीस वर्षं तुम्ही तो पाहताय. तीन ठिकाणी बांधलेला असतो, सैलसर.

पंधरा मिनिटं झाली. कोणाला पाइप कापून हवा असेल तर लोखंडी करवत माझ्याकडे आहे. मापं घेऊन या. दुपारी दोन ते चार सोडून कधीही बेल वाजवा.