छायाचित्रांची नोंदवही



छायाचित्रांचे आल्बम संगणकात ठेवण्याची रीत आता घराघरांत आणि शाळाशाळांत पडली आहे. चित्रे हजारांच्या घरात गेली की ती लावून ठेवण्यासाठी एखादे सॉफ्टवेअर लागते. डिजिकॅम हे त्यांपैकी एक. ते विनामूल्य मिळते. अशा सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती घालावी आणि ते उघडताच बंद पडावे, असा प्रसंग कधीकधी येतो. क्षणभर त्याचे चिन्ह दिसते, मग पडदा मोकळा! पाहणाऱ्याच्या छातीत धस्स होते.

परंतु चित्रे गेलेली नसतात. ती पूर्वीच्याच फोल्डरात असतात. डिजिकॅमजवळ असते ती केवळ त्यांची नोंदवही. कोणत्या चित्रात कोण उभे आहे, प्रसंग कोणता, हे आपण भरलेले सारे 'डिजिकॅम४.डीबी' या फाइलीत जाते. लघुचित्रांची, म्हणजे थंबनेलची, फाइल निराळी, आणि आपल्या आवडीनिवडींची 'डिजिकॅमआरसी' ही तिसरीच. हा भेद न जाणता 'सगळे पुसून टाका आणि नव्याने घाला' असे सांगणारे पुष्कळ भेटतात. मला तो सल्ला घातक वाटतो. शाळेच्या जुन्या समूहचित्रांतील मुलांची नावे कोणी निवृत्त शिक्षकांना विचारून वर्षभर भरली असतील, तर ती सांगणारी माणसे पुन्हा भेटतीलच असे नाही.

म्हणून प्रथम, सॉफ्टवेअर बंद असताना, 'डीबी' हे शेपूट असलेल्या सर्व फाइलींची प्रत दुसऱ्या डिस्कवर काढावी. त्यानंतरच शोधाला लागावे.

आवडीनिवडींच्या फाइलीचे नाव बदलून ठेवावे. लिनक्सवर ती घरच्या फोल्डरातील 'कॉन्फिग' या लपलेल्या फोल्डरात सापडते. ती नाहीशी झाली की डिजिकॅम नवख्यासारखे विचारते: चित्रे कोठे आहेत, डेटाबेस कोठे ठेवू? दोन्ही वेळा नवे फोल्डर दाखवावे, त्यात पाचदहा चित्रांच्या प्रती असाव्यात. इतक्यावर ते सुरळीत चालले, तर दोष आपल्या जुन्या सामानात आहे. तरीही पडले, तर दोष नव्या आवृत्तीत किंवा संगणकातच आहे. मग टर्मिनलमधून चालवून शेवटच्या ओळी वाचाव्यात. त्या रुक्ष असतात खऱ्या, पण दुरुस्ती करणाऱ्याला त्यांचाच उपयोग.

जुन्या सामानातही संशय प्रथम लघुचित्रांवर घ्यावा. जुनी 'डिजिकॅमआरसी' परत जागेवर ठेवून लघुचित्रांची फाइल बाजूला सारली, तर ती पुन्हा तयार होते. वेळ जातो, नोंद जात नाही. कधी एखादे अर्धवट उतरलेले चित्र वा चलच्चित्र वाचतानाच सॉफ्टवेअर कोसळते. ते हुडकण्यासाठी निम्मी निम्मी चित्रे घालून पाहावीत, मात्र प्रतींवर आणि त्या नव्या डेटाबेसात. मूळ फोल्डरातून चित्रे हलविली, तर नोंदवही ती नाहीशी झाली असे समजू लागते.

राहिली मुख्य नोंदवही. ती एस्क्यूलाइट या पद्धतीची असते, आणि तिची अखंडता तपासण्याची आज्ञा त्या पद्धतीतच आहे. 'ओके' एवढेच उत्तर आले, तर फाइलीची रचना शाबूत आहे. नव्या आवृत्तीने नोंदवहीचा आराखडा बदलला असेल, तर जुनी आवृत्ती परत आणूनही ती उघडेलच असे नाही. तेथे श्रेणीवाढीपूर्वीची प्रतच कामी येते. म्हणून ज्यांनी अद्याप नवी आवृत्ती घातलेली नाही, त्यांनी आजच ती प्रत काढावी.

सॉफ्टवेअर पुन्हा चालू लागल्यावर एक काम अवश्य करावे. नावे व मथळे प्रत्यक्ष चित्राच्या फाइलीत, किंवा तिच्या शेजारी एक्सएमपी नावाच्या लहान फाइलीत, लिहिण्याची सोय तेथे आहे. मग नोंदवही हरवली तरी नाव चित्राबरोबर राहते. जुन्या नोंदींसाठी देखभालीच्या भागातून ही आज्ञा एकदा द्यावी लागते. चित्रे फार असतील, तर ती रात्री लावून निजावे.