आपले चित्रफीत-भांडार आपल्या घरी
(महाजनांच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



घराण्यांतील वडीलधाऱ्यांच्या मुलाखती, व्याख्याने, संगीताच्या बैठका यांच्या चित्रफिती आज आपण परक्या कंपन्यांच्या स्वाधीन करतो. नियम त्यांचे, जाहिरातीही त्यांच्याच. हे भांडार स्वतःच्या सर्व्हरवर ठेवता येईल काय, असे मला अनेकांनी विचारले. येते. फ्रान्समधील फ्रामासॉफ्ट या संस्थेने ‘पीअरट्यूब’ ही मुक्त प्रणाली त्यासाठीच वाढवली. तिची पहिली पूर्ण आवृत्ती २०१८ साली निघाली; २०२१ पासून तिच्यावर थेट प्रक्षेपणही करता येते.

ही प्रणाली एकटी नांदत नाही. नोंदवही सांभाळणारा पोस्टग्रेस, चालू कामे ध्यानात ठेवणारा रेडिस, दारात उभा राहून येणाऱ्यास आत घेणारा एन्जिनएक्स असे सोबती तिला लागतात. पूर्वी ते एकेक करून बसवावे लागत, आणि एकाचे दुसऱ्याशी जुळेपर्यंत रात्र सरे. २०१३ साली डॉकर आले, तेव्हापासून प्रत्येक सोबत्यास त्याच्या सामानासह वेगळ्या कंटेनरमध्ये बसविणे सोपे झाले. कोणते कंटेनर हवेत हे ‘कम्पोज’ फायलीत लिहिले की एका आज्ञेसरशी सारे उभे राहतात. डोमेनचे नाव मात्र आरंभीच विचारपूर्वक ठरवावे. मागाहून ते बदलणे धोक्याचे असते आणि प्रणालीचे कर्तेही त्याची हमी घेत नाहीत.

खरी मेख पुढेच आहे. कंटेनर हा टाकून देण्याचाच जिन्नस. नवी आवृत्ती आली की जुना मोडायचा, नवा उभा करायचा. म्हणून जपावयाचे ते सारे त्याच्या बाहेरच्या फोल्डरांत ठेवतात. हे मी जाणत होतो, तरीही चुकलो. चित्रफितींचे फोल्डर अवजड, म्हणून त्याचीच प्रत दर आठवड्यास काढीत गेलो. नोंदवही इवलीशी, ती राहून गेली. एके दिवशी डिस्क बिघडली. फिती हाती होत्या, पण प्रणालीने त्यांना दिलेली नावे म्हणजे नुसती अक्षरे आणि आकडे! दागिने शाबूत आणि यादी गहाळ, अशी गत झाली. एकेक फीत लावून माणसे ओळखत बसलो. काही आवाज ओळखणारे आता हयात नाहीत; त्या फिती आजही निनावी आहेत.

तेव्हा पोस्टग्रेसमधील नोंदींची प्रत त्याच्याच साधनाने रोज काढावी. चालू असताना त्याचे फोल्डर नुसते उचलून ठेवणे भरवशाचे नाही. गुप्त किल्ली असलेली फाईलही सोबत घ्यावी, आणि हे सारे दुसऱ्या घरी ठेवावे. परवलीचे शब्द निदान दोन महाजनांपाशी असावेत. एकाच्याच डोक्यात असलेले भांडार त्याच्याबरोबरच जाते.

येत्या चतुर्थीच्या सुट्टीत, त्या प्रतींवरून रिकाम्या संगणकावर भांडार पुन्हा उभे राहते की नाही, हे मी करून पाहणार आहे. ज्या तरुणांना पाहावयाचे असेल त्यांनी अगत्य यावे. आणि जुने आवाज ओळखणाऱ्या वडीलधाऱ्यांनी तर यावेच; त्या निनावी फिती मी लावून ठेवीन.