उभ्या ट्रॅक्टरची चाके

उसाचा गळीत हंगाम आटोपला म्हणजे निपाणी, चिकोडी, संकेश्वर या पट्ट्यातील रस्ते एकाएकी मोकळे वाटू लागतात. निपाणीचा हालसिद्धनाथ, संकेश्वरचा हिरण्यकेशी अशा सहकारी कारखान्यांकडे रात्रंदिवस धावलेली वाहने गावोगाव परततात. केवळ ऊसवाहतुकीसाठी घेतलेला ट्रॅक्टर आणि त्याच्या ट्रॉल्या मग गोठ्यापुढे किंवा बांधावर कित्येक महिने जागच्या हलत नाहीत. चाकांना विसावा मिळाला, असे मालक समजतो. वस्तुतः उभे राहणे हा टायरचा विसावा नव्हे.

बैलगाडीच्या काळी ही गोष्ट शेतकऱ्यास ठाऊक होती. उन्हात पडलेल्या गाडीचे लाकडी चाक आटते आणि त्यावरची लोखंडी धाव सैल होते, म्हणून गाडी सावलीत ओढली जाई. पुढे १८८८ मध्ये डनलॉप यांनी हवा भरलेल्या टायरचे पेटंट घेतले आणि १९३२ च्या सुमारास अमेरिकेत ट्रॅक्टरांनाही असे टायर बसू लागले. लाकूड गेले, रबर आले. पण ऊन तेच राहिले.

रबराचा खरा वैरी मात्र एकटे ऊन नव्हे. हवेत ओझोन नावाचा वायू अत्यल्प प्रमाणात असतो. ताणलेल्या रबरावर तो चटकन आघात करतो आणि तेथे बारीक चिरा पडतात. हे टाळण्यासाठी कारखानदार रबरात विशिष्ट मेण मिसळतात. चाक फिरताना रबर दबते-उसळते, त्यामुळे हे मेण पृष्ठभागावर येऊन पातळ कवच धरते. चाक थांबले की ही क्रिया मंदावते. त्यातच हवा हळूहळू कमी होते, वाहनाच्या भाराने टायरची बाजू खाली फुगते, आणि त्या ताणलेल्या भागावरच चिरा प्रथम दिसू लागतात. नक्षी शाबूत असलेला टायरही असा निकामी होतो.

उपाय यातूनच निघतो. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे टायरवरचा भार काढणे. जमीन टणक पाहून, चाकांना अडण लावून, जॅकने वाहन उचलावे आणि आसाखाली भक्कम लाकडी ठोकळे द्यावेत. पावसाळ्यात काळी जमीन भुसभुशीत होते, म्हणून ठोकळ्याखाली फरशी असावी. उचलणे शक्य नसेल, तर पुस्तिकेत दिलेला हवेचा दाब राखावा, महिन्याकाठी तो मोजावा आणि वाहन थोडे पुढे-मागे सरकवावे, म्हणजे एकाच जागी भार राहत नाही. झडपेची टोपी हरवू देऊ नये.

उभे करण्यापूर्वी चिखल धुऊन टायर कोरडा करावा. छप्पर नसेल, तर चाकांवर ताडपत्री टाकावी. पाचटाचा ढीग टाकू नये, कारण त्यात आगीचे आणि उंदरांचे भय असते. वेल्डिंगच्या यंत्राजवळ किंवा विजेच्या मोटारीजवळ चाके ठेवू नयेत, कारण तेथे ओझोन निर्माण होतो. टायर काळाभोर दिसावा म्हणून जळके ऑईल किंवा डिझेल चोळण्याची रीत तर सर्वथा सोडावी. खनिज तेलाने रबर फुगते आणि कमकुवत होते. सुटे टायर पावसात ठेवल्यास त्यात पाणी साचून डेंग्यूचे डास वाढतात, हेही विसरू नये.

कारखान्याचे बॉयलर पेटण्यापूर्वी प्रत्येक चाक आतून-बाहेरून पाहावे. पुष्कळ टायरांवर चार अंक कोरलेले असतात. पहिले दोन आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष सांगतात. त्यावरून टायरचे वय कळते. चिरांतून आतले धागे दिसू लागले असतील, तर तो टायर भाराखाली घालू नये. मोठ्या चाकांच्या जोडीला हजारो रुपये पडतात, हे खरे. परंतु तवंदी घाटात उसाने लादलेल्या ट्रॉलीचे चाक फुटले, तर चालकाचा आणि मागून येणाऱ्याचा जीव धोक्यात येतो. त्या प्रसंगाची किंमत चार ठोकळ्यांच्या आणि एका ताडपत्रीच्या खर्चाशी ज्याने त्याने ताडून पाहावी.