स्टँपपेपरवरची सोडचिठ्ठी

शंभराच्या स्टँपपेपरवर दोघांनी सह्या केल्या, नोटरीचा शिक्का घेतला, की झाला घटस्फोट, असं अजूनही अनेकजण समजतात. सिद्ध करता येणारी जुनी रूढी सोडली, तर अशा कागदानं हिंदू विवाह मोडत नाही. त्यावर विसंबून दुसरं लग्न केलं, तर तो गुन्हा ठरू शकतो.

परस्पर संमतीचा सरळ मार्ग हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३-ब मध्ये आहे. दोघं किमान एक वर्ष वेगळे राहत असावेत. मग कुटुंब न्यायालयात, ते नसेल तिथं जिल्ह्यातल्या दिवाणी न्यायालयात, संयुक्त अर्ज करायचा. सहा महिन्यांनी पुन्हा संमती नोंदवायची. समेटाची आशाच उरली नसेल, तर ही मुदत माफ करता येते, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१७ साली सांगितलं. हुकूम होईपर्यंत कुणीही संमती मागे घेऊ शकतं.

संमतीच्या अटी मोघम नकोत. पोटगी एकरकमी की दरमहा, स्त्रीधन कधी परत, घराचा हप्ता कोण भरणार, शाळेची फी कुणाची, दिवाळीच्या सुट्टीत मुलं कुणाकडे, हे सगळं स्पष्ट लिहा. पोटगीचा वाद असेल, तर दोघांनाही उत्पन्न आणि मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं.

वकिलाची फी परवडत नाही? जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता तिथं मोफत वकील मिळतो. आणि कोणत्याही कागदावर सही करण्यापूर्वी तो पूर्ण वाचा.