८४ दिवसांच्या गोळ्या

मागच्या वर्षी आमच्या गटाच्या बैठकीत एका ताईंनी ५० हजारांचं कर्ज मागितलं. कारण विचारलं तर रडायलाच लागल्या. रक्ताच्या तपासणीत 'हिपॅटायटिस सी' निघाला होता. घरात त्यांचं ताट, पेला वेगळा झाला होता. खरं सांगते, त्या दिवशी त्यांच्या घरचा चहा मीही टाळला. बी.ए. झालेली मी, पण भ्यायलेच.

बायांनो, हा आजार ताटातून, चहातून, जवळ बसल्यानं लागत नाही. तो रक्तातून जातो. एकाची सुई दुसऱ्याला टोचली, जत्रेत एकाच सुईनं चौघींचं गोंदण झालं, दुसऱ्याचं दाढीचं पातं वापरलं, असा. रक्तपेढीत याची तपासणी २००१ पासून सक्तीची झाली. त्याआधी बाळंतपणात, ऑपरेशनात किंवा सिकलसेलसाठी रक्त चढलं असेल, तर एकदा तपासून घ्या. डोळे पिवळे होतीलच असं नाही. वीस-वीस वर्षं काही कळत नाही, आत लिव्हर मात्र कडक होत जातं. कावीळ उतरवणाऱ्याची माळ इथं कामाची नाही. याची लसही नाही.

पण औषध आहे. पूर्वी इंटरफेरॉनची इंजेक्शनं आणि रिबाव्हिरिनच्या गोळ्या, सहा महिने ते वर्षभर. ताप, अंगदुखी, उदासी सोसूनही पुष्कळांना गुण येत नसे. २०१३ साली अमेरिकेत सोफोसबुव्हिर आलं, एक गोळी १००० डॉलरची! पुढं आपल्या देशातल्या कंपन्यांनी ते स्वस्तात बनवलं. आणि २८ जुलै २०१८ पासून सरकारच्या राष्ट्रीय कार्यक्रमात तपासणी आणि औषध दोन्ही मोफत आहे. म्हणजे ताईंना कर्जाची गरजच नव्हती.

सोफोसबुव्हिरसोबत डॅक्लाटासव्हिर देतात. दोन कशाला? कपाशीवर एकच औषध फवारत राहिलं की अळी त्याला दाद देईनाशी होते, तसंच हे. दोन औषधं विषाणूला दोन ठिकाणी अडवतात. रोज एकदा, १२ आठवडे, म्हणजे ८४ दिवस. शंभरातले नव्वदहून जास्त बरे होतात. लिव्हर जास्त बिघडलं असेल तर डॉक्टर जोडी बदलतात, कधी दिवस वाढवतात. गरोदर असाल, हृदयाच्या गोळ्या किंवा जडीबुटी चालू असेल, तर आधी सांगा. मधेच गोळ्या सोडू नका.

एक गोष्ट नीट ऐका. पहिली तपासणी फक्त विषाणू कधीतरी शिरला होता एवढंच सांगते. आज तो रक्तात आहे का, हे दुसऱ्या तपासणीत कळतं. तीच तपासणी गोळ्या संपल्यावर १२ आठवड्यांनी पुन्हा करायची. पहिली मात्र बरं झाल्यावरही 'पॉझिटिव्ह' येते, घाबरू नका.

आमच्या ताईंनी कॅलेंडरवर ८४ फुल्या मारल्या. शेवटच्या तपासणीत विषाणू सापडला नाही. गेल्या महिन्यात त्यांचा कर्जाचा अर्ज परत आला, दोन शेळ्यांसाठी. चौकशीला मी घरी गेले आणि चहा मागून घेतला.