डबघाईच्या विमान कंपनीचे आगाऊ तिकीट

विमानाचे तिकीट दोन-तीन महिने आधी काढणारा प्रवासी कंपनीला बिनव्याजी, बिनतारण उसने पैसे देत असतो. कंपनी धडधाकट असली की प्रवासाच्या दिवशी हिशेब मिटतो. ती बुडाली, तर प्रवासी तिचा धनको ठरतो.

नाशिकने हे जवळून पाहिले आहे. तिथल्या ओझर विमानतळावरून दिल्लीला जाणारी जेट एअरवेजची सेवा उडान योजनेखाली 15 जून 2018 रोजी सुरू झाली. वर्षही पुरे झाले नव्हते, तोच 17 एप्रिल 2019 रोजी जेटने सगळी उड्डाणे थांबवली. लक्षणे आधीच दिसत होती: वैमानिकांचे पगार थकलेले, विमानमालकांना भाडे न मिळाल्याने विमाने जमिनीवर, इंधन कंपनीचा हात आखडता. तिकीटविक्री मात्र चालूच होती. रोख पैशाची निकड असलेली कंपनी तिकिटे स्वस्तात विकते, त्यामुळे नेमके धोक्याचे तिकीटच सर्वांत मोहात पाडते.

गो फर्स्टची गोष्ट अधिक बोलकी आहे. मे 2023 मध्ये, ऐन सुट्टीच्या हंगामात, कंपनीने आधी 3 मेपासून तीनच दिवसांची उड्डाणे रद्द केली. मग मुदत वाढत गेली आणि विमाने पुन्हा उडालीच नाहीत. श्रीनगर-लेहची तिकिटे हाती असलेले लोक आज-उद्या करत थांबले. तोवर दुसऱ्या कंपन्यांचे भाडे कडाडले. 10 मे रोजी कंपनी लवादाने दिवाळखोरीचा अर्ज स्वीकारला आणि देणी वसूल करण्यावर स्थगिती आली. जानेवारी 2025 मध्ये अवसायनाचा आदेश निघाला. अवसायनात प्रक्रियेचा खर्च, कामगार आणि तारणधारक बँका पुढे असतात. तिकीटधारक बराच मागे. बहुतेकदा त्याच्यापर्यंत काही उरतच नाही.

म्हणून पैसे कोणत्या मार्गाने भरले, याला महत्त्व येते. क्रेडिट कार्डाने भरलेले असतील तर सेवा मिळाली नाही म्हणून बँकेकडे व्यवहारावर हरकत घेता येते. मात्र तिला मुदत असते, आणि कंपनीच्या आश्वासनांवर विसंबून राहिल्यास ती निघून जाते. रोखीने एजंटाकडे भरलेले पैसे सोडवणे अवघड, कारण एजंटाची रक्कमही कंपनीकडेच अडकलेली असते. प्रवास विम्यात कंपनीची दिवाळखोरी धरली आहे का, हे पॉलिसीतच पाहावे लागते. सरसकट ती धरलेली नसते.

ओझरसारख्या मोजक्या उड्डाणांच्या विमानतळावर आणखी एक अडचण असते. एक सेवा गेली की दुसरी तिथल्या तिथे मिळेलच असे नाही; कसारा घाट उतरून मुंबई गाठायची आणि त्या दिवसाच्या भावाने तिकीट घ्यायचे. ओझर ते दिल्ली एका कंपनीचे आणि पुढे लेहपर्यंत दुसरीचे, अशी सुटी तिकिटे काढली असतील, तर दुसरी कंपनी बंद पडल्यावर पहिली आपले पैसे परत देण्यास बांधील नसते. तिचे विमान वेळेवर उडालेले असते.